सत्कारमूर्तींनी मागे पाहू नये

निसर्ग पाहायला माणसाला दोन डोळे पुरतात, हा एक जुना गैरसमज आहे. डोळे हे फार तर प्राथमिक साधन झालं. निसर्ग नीट पाहायचा तर एक अध्यक्ष लागतो, एक सचिव लागतो, आभार मानणारा एक गृहस्थ लागतो, दोन प्रकारचा नाश्ता लागतो आणि परतीची घाई असलेली एक बस लागते. यातलं काहीही न घेता निसर्ग पाहायला जाणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांना बेपत्ता म्हणतात, आणि त्यांना शोधायला मग हेलिकॉप्टर पाठवावं लागतं.

सौदी अरेबियातल्या अल-खोबरच्या मराठी स्नेहमंडळाने हे तत्त्व पहिल्यापासून पाळलं आहे. त्यामुळेच मंडळाचा एकही सभासद आजवर निसर्गात हरवलेला नाही. (एक सभासद मॉलच्या पार्किंगमध्ये हरवला होता, पण त्याला निसर्ग जबाबदार नव्हता.)

या मंडळाने जानेवारीतल्या एका शनिवारी वाळवंटातली एक घळ पाहण्यासाठी एकदिवसीय सहल काढली. सहलीचं पत्रक छापण्यात आलं. त्यावर अध्यक्षांचा फोटो होता, सचिवांचा नंबर होता, उपासाच्या व बिनउपासाच्या नाश्त्याचा तपशील होता, सोबत काय आणावे आणि काय आणू नये हेही होतं. घळीचं नाव जागेअभावी देता आलं नाही.

सहल निघाली ती बाळकृष्ण केंजळे यांच्यासाठी. केंजळे मूळचे नाशिकचे. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर म्हणून त्यांनी खोबरमध्ये बावीस वर्षं काढली, आणि येत्या गुरुवारी त्यांचं फायनल एक्झिट होतं. म्हणजे इकामा, तो तिथे राहायचा परवाना, रद्द, सामान कार्गोत, आणि माणूस कायमचा नाशिकला. 'पुन्हा कधीतरी पाहू' हे वाक्य इतकी वर्षं त्यांच्या फार कामी आलं होतं. तेही गुरुवारी इकाम्याबरोबरच जमा होणार होतं.

अडचण एवढीच होती, की बावीस वर्षं वाळवंटात राहून केंजळ्यांनी वाळवंट पाहिलेलं नव्हतं. यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. घरातून थंडगार गाडीत, गाडीतून थंडगार कंट्रोल रूममध्ये, आणि कंट्रोल रूमच्या खिडकीतून समोर एक बॉयलर. शुक्रवारी मॉल, शनिवारी कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा फरसबंद रस्ता. विमानातून वाळवंट चांगलं दिसतं म्हणतात, पण त्यांना गुडघ्यामुळे कायम मधल्या वाटेच्या कडेची, म्हणजे स्वच्छतागृहाच्या बाजूची सीट लागे. सुट्टीत नाशिकला गेले की पुतण्या विचारायचा, "काका, वाळवंट कसं असतं हो?" केंजळे जरा विचार करून सांगायचे, "एसी चांगला लागतो."

पुतण्याचं यावर समाधान व्हायचं. केंजळ्यांचं होत नसे.

म्हणून नोव्हेंबरच्या मासिक सभेत, इतर विषयांच्या वेळी, केंजळे उठले आणि म्हणाले, "जायच्या आधी एकदा घळीच्या काठावर उभं राहून खाली बघायचंय. बाकी काही नाही. पाच मिनिटं."

सभा हेलावली. अध्यक्ष हर्षवर्धन राजोपाध्ये यांचा कंठ दाटून आला, आणि अध्यक्षांचा कंठ दाटला की उपसमिती नेमण्याची मंडळात पद्धत आहे.

"काका," अध्यक्ष म्हणाले, "घळ दाखवायची जबाबदारी मंडळाची. आणि तुमचा निरोप समारंभ तिथेच! घळीच्या साक्षीने!"

"निरोप आपला हॉलमध्येच केला तर?" केंजळे म्हणाले.

"बावीस वर्षांच्या माणसाला हॉलमध्ये निरोप? लोक काय म्हणतील?"

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी मंजिरीताई म्हणाल्या, "अहो, घळच बघायचीय ना? मग उद्या गाडी काढू आणि जाऊन येऊ. डबा मी करते."

"अगं, मंडळ एवढं करतंय. आपण आधीच बघून आलो तर बरं दिसत नाही."

'बरं दिसत नाही' हे आपल्या समाजाचं मूळ बांधकाम आहे. त्यावरच बाकीचे मजले चढतात.

इथे एक पार्श्वभूमी सांगणं आवश्यक आहे. मंडळाची जी निरोप नियमावली आहे, ती खुद्द केंजळ्यांनी, ते सचिव असताना, लिहिलेली आहे. त्याचं असं झालं, की पूर्वी जुबैलचे एक वेल्डिंग इन्स्पेक्टर आपल्याच निरोप समारंभातून फोन आला म्हणून मध्येच उठून गेले ते थेट विमानतळावर. हातात कागद घेऊन अकरा वक्ते बसून राहिले. त्यातल्या दोघांनी ती भाषणं आजही जपून ठेवलेली आहेत. तो प्रकार पुन्हा घडू नये म्हणून केंजळ्यांनी दोन कलमं घातली. एक, आभारप्रदर्शन पूर्ण होईपर्यंत सत्कारमूर्तींनी आसन सोडू नये. दोन, सत्कारमूर्तींनी मागे पाहू नये (छायाचित्रात मान वळलेली येते). खाली सही, बा. केंजळे.

नियमावली इतकी चोख होती, की त्यानंतर मंडळातून एकही माणूस धन्यवाद ऐकल्याशिवाय सुटला नाही.

शनिवारी बस पहाटे सहाला सुटणार होती, त्याप्रमाणे ती साडेसातला सुटली. आधी हजेरी झाली. डोकी दोन जास्त भरली. पुन्हा मोजली, पुन्हा दोन जास्त. बरीच चर्चा झाल्यावर, ड्रायव्हर आणि गाइड हे दोघेही बसमध्ये असणं नियमाला धरून आहे, असं ठरलं.

गाइडचं नाव नबील. तरुण सौदी मुलगा, गळ्यात परवान्याचं कार्ड, त्यालाच अडकवलेली शिट्टी, इंग्रजी बरं आणि हिंदी दुकानात शिकलेलं. बस हायवेला लागताच तो माइक घेऊन उभा राहिला आणि उत्साहाने म्हणाला, "फ्रेंड्स! कोट्यवधी वर्षांपूर्वी या ठिकाणी समुद्र होता, आणि—"

"थँक यू, थँक यू," म्हणत सचिव जयदीपने त्याच्या हातातून माइक घेतला. जयदीप हा वयाने लहान पण कामाला वाघ असा सचिव होता. "आता आपण ओळखीचा कार्यक्रम करू."

बसमधले सगळे एकमेकांना किमान दहा वर्षं ओळखत होते. निम्मे लोक एकाच इमारतीत राहत होते. तरीही ओळखीचा कार्यक्रम झाला, कारण त्याशिवाय पुढच्या कार्यक्रमाला पुढचा म्हणता येत नाही. प्रत्येकाने नाव, गाव, कंपनी आणि आवडता छंद सांगितला. पाहणीअंती असं आढळलं, की ऐंशी टक्के सभासदांचा छंद प्रवास हा आहे, आणि उरलेल्या वीस टक्क्यांना बस लागते.

मग नाश्त्याचा थांबा आला. शनिवार असल्याने साबुदाण्याची खिचडी, बिनउपासवाल्यांना पोहे. हनीफभाईंच्या घरून, म्हणजे त्यांच्या सफूराभाभींकडून, घावणे आणि नारळाचा रस आला होता. हनीफभाई रत्नागिरीकडचे, दम्मामला त्यांचं टायरचं दुकान, आणि अरबी अशी बोलायचे की अरबही त्यांना पत्ता विचारत. मंडळाचे ते अधिकृत दुभाषे होते. घावणे पाहताच उपास असलेल्या तिघांनी आपला उपास गुरुवारचा असल्याचं जाहीर केलं.

नबीलने पोहे खाल्ले, मग खिचडी खाल्ली, मग घावणे खाल्ले आणि घड्याळ पाहून म्हणाला, "यल्ला, यल्ला. अंधार से पहले वापस. कंपनी रूल. सनसेट के बाद कोई किनारे पर नहीं."

"अरे नबीलभाई, सकाळ आहे अजून," अध्यक्ष म्हणाले, आणि चहा मागवला.

बसमध्ये केंजळ्यांच्या शेजारी अध्यक्षांची मुलगी नूपुर येऊन बसली. ती आठवीत होती, आणि मराठी तिला सगळं समजायचं, फक्त बोलायला परवानगी नसल्यासारखी ती इंग्रजीत उत्तरं द्यायची.

"काका, इट्स लाइक अ बिग होल, राइट?"

"बघून सांगतो," केंजळे म्हणाले. ते कधीचे खिडकीतून बाहेर पाहायच्या प्रयत्नात होते. पण ऊन येतं म्हणून पडदे लावलेले होते, आणि पडदा सरकवला की मागून भेंड्यांचा आवाज थांबायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "काका, ऊन."

दुपारी जेवणाचा थांबा घेऊन (त्याचा वेगळा अहवाल होईल) बस एकदाची घळीपाशी पोचली. ड्रायव्हरने ती घळीकडे पाठ करून लावली, म्हणजे निघताना वळवायला नको. काठ जवळच होता. बसमधून उतरून सरळ चालत गेलं तर एक वाक्य बोलून व्हायच्या आत माणूस काठावर. केंजळे उतरले, मफलर नीट केला आणि सरळ चालायला लागले.

"काका, काका! कुठे निघालात?" जयदीप धावत आला.

"जरा बघून येतो."

"असं कसं? आधी कार्यक्रम, मग सगळे एकदमच जाऊ. सत्कारमूर्ती आधीच बघून आले तर मग मजा काय राहिली?"

यात तथ्य होतं. केंजळे थांबले.

घडीच्या खुर्च्या उतरल्या. व्यासपीठ घळीच्या बाजूला घ्यावं, असं उपसमितीने ठरवलं होतं, म्हणजे मागे निसर्गाची पार्श्वभूमी येते. पण मग श्रोत्यांचं तोंड घळीकडे होणार आणि त्यांचं भाषणांवरून लक्ष उडणार, हा धोका जयदीपने वेळीच ओळखला होता. त्यासाठी तो एक भलामोठा फ्लेक्सचा बॅनर करून घेऊन आला होता. बॅनरवर डावीकडे केंजळ्यांचा फोटो, उजवीकडे अध्यक्षांचा त्याहून किंचित मोठा, आणि मधोमध एक अप्रतिम घळ. बॅनर दोन बांबूंना बांधून व्यासपीठामागे उभा केला तेव्हा त्याने खऱ्या घळीला पूर्ण झाकलं, आणि सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं, "वा! काय सुंदर आहे!"

नबील बॅनरसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "माशाअल्ला. ये किधर है?"

जयदीपने ते चित्र इंटरनेटवरून घेतलं होतं. कोपऱ्यात पुसट अक्षरात अमेरिकेतल्या कुठल्याशा उद्यानाचं नाव होतं, पण त्यावर नेमकं अध्यक्षांचं कोपर येत होतं.

वारा मोठा होता. घळीतून वर येणाऱ्या वाऱ्याने बॅनर शिडासारखा फुगला. यावर आपल्याकडचा सिद्ध उपाय म्हणजे फ्लेक्सला ब्लेडने भोकं पाडणं. तशी ती पाडण्यात आली. एक भोक नेमकं सत्कारमूर्तींच्या खुर्चीमागे, मानेच्या उंचीवर आलं.

दीपप्रज्वलन बॅटरीवरच्या समईने झालं (वाऱ्यामुळे, आणि एकूणच). जयदीपने माइक तपासला. "हॅलो, हॅलो," तो म्हणाला. बॅनरमागून कुणीतरी खोल आवाजात उत्तर दिलं, "हॅलो, हॅलो." दिवसभरात घळीने मंडळाशी साधलेला हा एकमेव संपर्क. ध्वनियंत्रणेतला दोष म्हणून त्याची नोंद झाली आणि स्पीकर बसच्या दिशेने फिरवला गेला. तरीही थोडा दोष राहिलाच. वक्ते सुसंस्कृत असल्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर घळीचं बोलून होईपर्यंत थांबत, त्यामुळे भाषणांना दुप्पट वेळ लागला.

केंजळ्यांविषयी बोलण्यासारखं बरंच होतं, आणि नव्हतं तेही बोललं गेलं. त्यांचा साधेपणा, त्यांचं गणपतीतलं ढोलवादन (ते ढोल धरून उभे राहत), त्यांनी कुणाकुणाला विमानतळावर सोडलं. एका वक्त्याने त्यांच्या निसर्गप्रेमाचा गौरव केला. "अशी माणसं विरळा," तो म्हणाला. "बघा, आजसुद्धा ते निसर्गाच्या कुशीत बसलेत." केंजळे निसर्गाकडे पाठ करून बसले होते, आणि भोकातून येणारा वारा त्यांच्या मानेवर लागत होता. तो वारा गार होता. एसीसारखा नाही, एसी वरून खाली येतो. हा खालून वर येत होता, कुठूनतरी फार खालून, आणि त्याला वास होता. कसला ते त्यांना कळेना. त्यांनी हळूच मफलर सोडून मांडीवर घेतला.

चौथ्या भाषणाच्या वेळी त्यांनी चपलेचा बंद बघायचं निमित्त केलं, वाकले आणि भोकाला डोळा लावला. भोकातून नूपुरची पाठ दिसली. ती काठावर उभी होती, हात उंच करून, मोबाइल आकाशाकडे धरून.

"काका, मान सरळ!" फोटो काढणारा ओरडला.

केंजळे सरळ झाले.

यानंतर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे ऐनवेळी नबीलला करण्यात आलं होतं, कारण स्थानिक माणूस असलेला बरा. त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. नारळ कुठून उघडतो हे पाहत तो माइकपाशी आला, एकदा मावळतीकडे बघितलं, आणि कळकळीने अरबीत बोलू लागला. तो म्हणाला, की बंधूंनो, सूर्य खाली चाललाय, घळीत याच वेळी उन्हाची अशी तिरीप पडते की मी आठवड्यातून तीनदा बघूनही मला पुरत नाही, हात जोडतो, उठा आणि बघून घ्या, ती या बॅनरच्या मागेच आहे.

हनीफभाईंनी घसा साफ केला. "पाहुणे म्हणतात, इतका सुंदर कार्यक्रम त्यांनी आयुष्यात बघितलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. घळीनेही वाजवल्या. नबीलला वाटलं, लोकांना पटलं. तो पुढे झाला, पण कुणीच उठेना. मग तोही शाल सावरून खाली बसला आणि त्याने सफूराभाभींकडे उरलेला एक घावणा मागितला.

(नंतर मंजिरीताईंनी विचारलं, "हनीफभाई, तो एवढा वेळ हातवारे करत होता आणि तुम्ही एका वाक्यात संपवलंत?" तेव्हा हनीफभाई म्हणाले, "बाय, तो काय बोलला ते त्याचं त्याला. चार माणसांत शोभतं काय, ते बघाय नको?")

स्मृतिचिन्ह देण्यात आलं. बॅनरवरचीच घळ, काचेच्या फ्रेममध्ये. मग समूहछायाचित्र. सगळे बॅनरसमोर दाटीवाटीने उभे राहिले. "मागे कुणी बघू नका," फोटोवाला ओरडला, "फोटो हलतो!" कुणी बघितलं नाही.

आता उजेड तांबूस झाला होता. आभारप्रदर्शन तेवढं राहिलं होतं. ते कोषाध्यक्षांकडे होतं, आणि त्यांनी खिशातून कागद काढला तो उलगडतच राहिला.

केंजळे उठले.

"मी दोन मिनिटांत आलो," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता, की घळीने तो परत केला नाही.

"काका," जयदीप हात जोडून म्हणाला, "आभार राहिलेत. कलम तुमचंच आहे."

समोरच्या रांगेतून मंजिरीताई म्हणाल्या, "जा हो तुम्ही. काय होतंय ते मी बघते. जा."

बॅनरपलीकडे जायला त्याची डावी कड होती. ती फडफडत होती. केंजळ्यांनी त्या कडेकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. अध्यक्ष हसत होते, कोषाध्यक्ष कागद धरून थांबले होते, नबील नारळ मांडीवर घेऊन त्यांच्याकडेच एकटक पाहत होता आणि मान हलवून 'जा, जा' म्हणत होता. तिथे त्यांना ओळखणारी, त्यांच्यावर खरोखर प्रेम करणारी इतकी माणसं बसली होती.

"नको," केंजळे मंजिरीताईंना म्हणाले. "बरं दिसत नाही." आणि बसले.

आभार सविस्तर झाले. बस कंपनी, ड्रायव्हर, पोहे करणारे, खिचडी करणारे, फ्लेक्सवाला, हवामान, आणि 'आज ज्यांच्यामुळे आपण इथे आलो त्या घळीचे' सुद्धा आभार मानण्यात आले. घळीने ते जसेच्या तसे परत केले.

त्यानंतर नबीलने शिट्टी वाजवली. "खलास. नो मोर. बस." केंजळे त्याच्याकडे गेले. नबीलने त्यांचा हात हातात घेतला, पण डोकं हलवलं. अंधारात काठावर कुणी नाही, कंपनी रूल. नियम काय असतो, हे केंजळ्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

जयदीपने बॅनर उतरवून गुंडाळला. मागे काहीच नव्हतं. म्हणजे अंधार होता, आणि त्यातून वारा येत होता.

बसमध्ये नूपुर शेजारी येऊन बसली. "सो काका? वॉज इट बिग?"

"तू पाहिलीस ना? तूच सांग."

नूपुरने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "इट वॉज ओके," ती म्हणाली. "नो नेटवर्क."

गुरुवारी केंजळे गेले. विमानात कडेचीच सीट मिळाली.

आता ती फ्रेम नाशिकला दिवाणखान्यात आहे. येणारा-जाणारा थांबून बघतो आणि म्हणतो, काय भाग्यवान तुम्ही, असं काही बघायला मिळालं. मंजिरीताई अशा वेळी चहा टाकायला आत जातात. परवा पुतण्याने विचारलं, "काका, घळ कशी होती हो?"

केंजळ्यांनी फ्रेमकडे पाहिलं नाही. त्यांचा हात आपोआप मानेवर गेला. "गार," ते म्हणाले. बावीस वर्षांत त्या देशाविषयी त्यांनी दिलेली ही पहिली खात्रीलायक माहिती.

पुतण्याचं यावरही समाधान झालं.

इथपर्यंत आसन न सोडल्याबद्दल मंडळ वाचकांचंही आभारी आहे. नाश्त्याला काय होतं ते आपल्या लक्षात आहे, घावणे कुणाकडचे होते तेही आहे. घळीचं नाव काय, ती किती खोल, कुठल्या रंगाची आणि तिथल्या त्या समुद्राचं पुढे काय झालं, हे आपण अध्येमध्ये उठून एकदाही विचारलं नाहीत. विचारलं नाहीत ते बरंच केलंत. चारचौघांत चांगलं दिसलं. आता जरा आत सरका, हसा, आणि मागे तेवढं बघू नका. फोटो हलतो.